पाऊण वाव

पैंगीणकर सरांनी सांगितलं होतं:
कोनमापक, दोरा, आणि कसलंही एक वजन.
वजन म्हणून मी रापणीचं शिसं घेतलं,
बाबांना न विचारता.
पेनाची रिकामी नळी डोळ्याला लावून
तळपणच्या वाळूत मागे मागे सरकत गेले,
माडाचा शेंडा नळीत धरून,
दोरा पंचेचाळिसावर येईपर्यंत.
वर चुडतांत इनास पाडेली.
खालून त्याची एक टाच तेवढी दिसत होती.
"जालें गो मेजून?" तो ओरडला.
तीनदा ओरडला, पण एकही नारळ टाकला नाही बिचाऱ्याने.

पंचेचाळीस अंशांना अंतर तेवढीच उंची.
माझ्या पायापासून माडाच्या बुंध्यापर्यंत दोर टाकला.
मीटरपट्टी शाळेत, कुलपात.
म्हणून बाबांनी तो वावांनी मोजला,
छाती उघडून, दोन्ही हात फाकवून,
जणू समोरून कुणी मिठी मारायला येतंय.
पावणेआठ.
मग इनासने वरून दोर सोडला, तोही मोजला.
साडेआठ.

पाऊण वाव कुठे गेली?
बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं,
जसं बाजारात काट्याकडे पाहतात.

सोमवारी वहीत लाल शाई:
"तुझी उंची कुठे गेली?
कोन डोळ्यापासून सुरू होतो, जमिनीपासून नाही."
घरी येऊन वाचून दाखवलं.
बाबांनी मला दाराच्या चौकटीशी उभं केलं,
टाचेपासून डोळ्यापर्यंत दोर लावला,
आणि तोच तुकडा स्वतःच्या हातांवर धरला.
डाव्या बोटांपासून उजव्या खांद्याच्या जरा पुढे.
"पावणी," ते म्हणाले. आणि हसले.
सगळ्या वाड्यावर सांगत फिरले.

वर्तुळ मात्र मला सरांनी शिकवलं नाही.
त्या वर्षी एकदाच होडीत बसायला मिळालं.
रापणीचं एक टोक किनाऱ्यावर बाबांच्या हाती,
दुसरं पुतूकाकांच्या,
आणि पाण्यात जाळ्याचा अर्धा गोल.
होडी त्या गोलावरून पुढे पुढे जात होती.
मी बाबांकडे बघायची, मग काकांकडे.
बाबा लांब गेले, काका जवळ आले,
पण मान वळायची तेवढीच.
पुढच्या तरंड्यापाशी तेवढीच.
त्याच्याही पुढे.
पुस्तकात हे एका ओळीत होतं,
अर्धवर्तुळातला कोन काटकोन,
आणि मी ती ओळ घोकून विसरले होते.

दोघांच्या बरोब्बर मध्ये आई,
पाटली उपडी घालून तिच्यावर बसलेली.
तिला एकदा या खांद्यावरून पाहावं लागायचं,
एकदा त्या.
आमच्या नव्वदाचे तिथे एकशे ऐंशी.
केंद्राशी दुप्पट, हेही पुस्तकात होतं.
पण केंद्राची मान दुखते, हे नव्हतं.

ओढता ओढता दोघे एकमेकांकडे सरकले.
गोल लहान होत गेला.
मी बाबांना सांगितलं, गोल केवढाही होऊ दे,
कोन बदलत नाही.
"हें नुस्त्याक सांग," ते म्हणाले.
त्या दिवशी तारले तरी बरे मिळाले.

आता मी शनिवारी येते, मडगावहून.
माड तिथेच आहे. इनास चढत नाही.
जवळ गेलं की अजूनही मान वर करावी लागते,
पुलावरून पाहिला तर बोटाएवढा,
आणि दोन्ही वेळा तो तेवढाच असतो,
हे समजायला दहावीनंतर बरीच वर्षं गेली.

काल बाबा ओट्यावर जुना दोर मोजत होते.
उजवा खांदा गेल्या पावसापासून उघडत नाही.
नेहमी आठ भरायचा, तो अकरा भरला.
"दोर वाडला गो," म्हणाले.
"पावसाने वाढला असेल," मी म्हटलं.
ओला दोर आखडतो,
हे मला त्यांनीच शिकवलेलं.

ते काही बोलले नाहीत.
अकरा, असं पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून
दोराची वेटोळी घालत बसले,
एकावर एक,
सगळी सारख्याच मापाची.