रत्तलाची पडताळणी

ट्रॅव्हलवाल्या पाठारेंनी माहितीपत्रकं पत्त्यांसारखी पिसली:
आठ रात्री, सहा शहरं, राजवाडा बाहेरून,
जैन जेवण मिळेल.
म्हटलं, मला विदरस्टोला जायचंय.
त्यांनी नाव दोनदा लिहून घेतलं, दोन्ही वेळा वेगळं.
तिथे काय आहे?
गुरुवारी बाजार भरतो.
बाजार, म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहिलं.
खाली रानडे रोड होता.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
भायखळ्यापासून परळपर्यंत
दुकानदार माझ्या पिशवीचा आवाज ओळखायचे,
पितळी वजनं आत एकमेकांवर आपटत,
आणि पारड्याखालची चिंच
मी पायरी चढायच्या आत निघालेली असायची.

लालबागच्या मिरची गल्लीत, त्र्याऐंशी साली,
अनसूया तळेकरच्या गाळ्यावर हे सापडलं.
एक रत्तल. बिडाचं, घंटेच्या घाटाचं.
रत्तल बंद होऊन वीस वर्षं झालेली
आणि ही अजून त्यावर धणे तोलत होती,
जुन्या गिऱ्हाइकांना, जुन्या हिशेबानं.
माझ्या काट्यावर ठेवलं: चारशे एकवीस ग्रॅम.
हवे होते चारशे त्रेपन्न आणि वर थोडे.
बुडातलं शिसं कोरलंय, मी म्हटलं.
ती शपथेवर आली नाही, रडली नाही.
"माझ्या सासूनं घेतलं तसंच हाय, बाई.
तिकडच्यांनीच कमी दिलं असंल."

पंचनाम्यात हे वाक्य मी घेतलं नाही.
दंड भरला तिनं, तिखटाच्या वासाच्या नोटांत.
कॅशियर दोनदा शिंकला.

निवृत्तीच्या वर्षी मुद्देमाल भंगारात निघाला
तेव्हा ते अकरा रुपयांना घेतलं. पावती आहे.
आता विजेच्या बिलांवर बसून असतं,
अंगावर उठावाची अक्षरं: विदरस्टो.
ओतणाऱ्याचं नाव झिजून गेलंय.

भाची ऋजुता तिकडे रेडिंगला असते.
मावशी, स्टेशनवरून बस आहे, गुरुवार आणि शनिवार फक्त,
जायची दहा वीसला, परतीची दोन चाळीसला,
ती चुकली तर थेट शनिवारी.
ओतशाळेच्या जागी आता मांजरांचा दवाखाना आहे.
आणि मावशी, तिकडेही आता किलोच गं,
पाऊंड लिहितात शेजारी, बारीक अक्षरात.
म्हटलं, शनिवारपर्यंत राहीन.

तिनं चौकाचा फोटो पाठवला.
मधोमध दगडी खांब, भोवती पट्ट्यापट्ट्यांच्या ताडपत्र्या,
चीज, फुलझाडं, किल्ल्या हरवलेली कुलपं.
मी फोटो बोटांनी ताणून मोठा केला.
खांबावर राखाडी, पोपटी डाग.
दगडफूल. आपलं, मसाल्यातलं.
तिथे ते कुणी खरवडून नेत नसावं.

व्हिसाच्या अर्जात विचारलंय, प्रवासाचा हेतू.
तपासणी, असं लिहिलं. मग खोडून, पर्यटन.
वजन हातातल्या बॅगेत चालायचं नाही,
बिडाचा गोळा विमानात कोण सोडेल?
मोठ्या बॅगेत, स्वेटरच्या बाहीत गुंडाळून.
तेवीस किलोंची मुभा आहे,
त्यातले चारशे एकवीस ग्रॅम.

बाजारात कुणाला तरी विचारीन,
जुना तराजू आहे का तुमच्याकडे?
हे वाक्य इंग्रजीत तयार आहे, आरशासमोर म्हणून झालंय.
पुढचं जमत नाही:
हे कमी तुम्ही दिलंत की आम्ही केलं?
शिसं मऊ असतं. कुणाच्याही चाकूला लागतं.

काल गल्लीत गेले होते.
गाळ्यावर अनसूयाची सून बसते,
इलेक्ट्रॉनिक काटा, लाल आकडे.
यंदाचा शिक्का आहे की नाही, ते पाहिलंच.
आहे.
म्हटलं, तुझ्या सासूच्या वजनाच्या गावाला जातेय.
तिला काही उमगलं नाही, म्हणाली, गरम कपडे न्या.
पाव किलो संकेश्वरी, शंभर ग्रॅम धणे.
पुडीचं तोंड बांधता बांधता
तिनं वर मूठभर दगडफूल टाकलं,
काट्याकडे न बघता.