बाविसावा प्रश्न

विजयनगरच्या कोर्टात पंखा फिरतो, वारा येत नाही.
डॉक्टर म्हणतात, जखम साडेचार सेंटिमीटर, बरगडीखाली.
आणि खोली?
ते कागद उलटतात. मी थांबते.
थांबणं हीसुद्धा वकिली असते.

निवास कोळेकर पिंजऱ्यात.
अंगठ्यावरचा छाटणीचा घट्टा
आठ महिने जेलात राहूनही मऊ झालेला नाही.

कलमाला हेतू लागतो.
पंचनाम्यात हेतू नाही:
द्राक्षाच्या ओल्या काड्या, एक कात्री,
डाव्या पायातली चप्पल.

जाळीपलीकडून तो एकदाच म्हणाला होता,
"बाई, त्या घडीला वाटलं होतं."
काय, ते मी विचारलं नाही.
फाईलला दोरी बांधली, सांगलीची बस धरली,
तासगाव नाक्यापर्यंत
गाठ सोडत, बांधत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत नळावर दिगंबर भेटला,
ज्याची ती बरगडी.
ओंजळीतलं पाणी सांडू देत म्हणाला,
"कात्री माझीच हुती.
धार त्येच्याकडनंच लावून आणायचो."

दुपारी तो साक्षीला उभा राहिला.
मी बावीस प्रश्न लिहून आणले होते.
एकवीस विचारले.
बाविसाव्यावर बोट ठेवून
खाली बसले.