मानशीपाशी

चोडणच्या बांधावर, पाणी फिरायच्या वेळेला,
मी रुझारकडे जाऊन बसतो.
तीस वर्षं म्हापशात तर्कशास्त्र शिकवलं.
जिथे धूर तिथे अग्नी.
फळ्यावरचा डोंगर एकदाही जळला नाही.

रुझार मानशीचा राखणदार.
पहिल्याच संध्याकाळी मी त्याला अडवलं होतं:
भरती चढली की दार आपणहून मिटतं,
ओसरली की आपणहून उघडतं,
मग तू कशाला?
"काटकी अडकते कधीकधी," तो म्हणाला
आणि विडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ केली.

भाद्रपदात भात पोटरीला आलेलं असताना
रात्री कुणीतरी दारात पाचर मारली.
सुंगटांसाठी. चार टोपल्या असतील, फार तर पाच.
सकाळी सात कुणगे खारे.
गाव जमला तेव्हा रुझार उभा राहिला,
म्हणाला, काटकी.

"खोटं बोललास."
"बोललो."
"कोण ते ठाऊक होतं?"
"पाचर माझ्या हातात होती ना, मास्तर.
तासणीचा घाव बघितला.
सुताराला लाकूड कळतं, मला सुतार."

मग सांगू लागला, तुकड्यातुकड्यांनी:
दुसऱ्या दिवशी तो माणूस न बोलावता आला,
तीन दिवस मांडीभर चिखलात उभा राहून बांध लिंपत होता,
हूं की चूं नाही.
चौथ्या दिवशी मी म्हटलं, पेज पितोस?
तर वाडगा हातात धरून रडला.
"आता गावाला ह्याच्यापुढे काय सांगायचं?"

मला वाटलं, इथेच उठावं.
पण जुनी खोड.
म्हटलं, "अंजेलिनचा अख्खा कुणगा गेला.
रागवायला तिच्याकडे माणूस नाही.
काल अंगणात सुकी फांदी दिसली
तर तिनं पायानं मोडली, पुन्हा पुन्हा.
रुझार, तू तिचा राग लपवून ठेवलायस."

विडी विझली. त्यानं परत पेटवली नाही.
खाली दाराच्या फटीतून पाणी
आत जावं की बाहेर, ह्या विचारात थांबल्यासारखं.
"कितें सांगूं," तो म्हणाला,
"हे माझ्या मनात आलंच नाही."

आणि मग, अगदी सरळ, माझ्याकडे बघून:
"आता सांगू तिला?"

मी म्हटलं, "एका बाजूनं पाहिलं तर..."
म्हटलं, "तसं बघायला गेलं तर..."
तो वाट बघत होता.
तीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता,
ज्याला उत्तर घेऊन त्याच रात्री
कुणाच्या तरी दारात जायचं होतं.

लाकूड लाकडावर टेकल्याचा आवाज आला.
भरती लागली.
त्यानं वाकून, खांद्यापर्यंत हात बुडवून फट चाचपली,
रोज चाचपतो तशी.

परतताना अंजेलिनच्या ओसरीवर दिवा होता.
ती सुक्या बांगड्यांवरची मांजरं हाकत होती.
"इतका वेळ काय बोलत बसता हो दोघे तिथे?"

"काही नाही," मी म्हटलं,
"पाण्याचं."