पान एकेचाळीस

स्मरणिकेसाठी चार ओळी हव्यात,
सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही शाळेतल्या बाई,
तुम्हीच लिहा रेव्हरंड अमोलिकांवर.
फोटो आहेच. फोटोच्या कमरेपर्यंत
एकोणीसच्या पुराची तपकिरी रेघ.
कृष्णा गळ्याशी पोचली नाही,
ते तसेच बघत राहिले बुडालेल्या बाकांकडे,
कुणी उपासनेला उशिरा आलं तर बघावं तसे.

लिहायला पुष्कळ आहे.
प्लेगात सांगलीच्या पेठा ओस पडल्या,
मढं उचलायला चौघं मिळेनात,
तेव्हा हे एकटे हातगाडी घेऊन निघत.
मांगवाड्यातला हरबा
आणि जानवं सोडून आलेले पेंडसे मास्तर
एकाच पेल्यातून प्याले, यांच्या हातून.
हरबानंतर मास्तर पेल्याची कड पुसू लागले
तर यांनी फडकं काढून घेतलं,
आणि उरलेलं स्वतः प्याले, सगळ्यांत शेवटी.
मुलींची शाळा. सहा मुली, एक पाटी.
त्यातली तिसरी तान्हू, बाप्तिस्म्यानंतर राहेल,
माझ्या आजीची आई.

कपाटात पंचमंडळाचं बुक सापडलं,
पुरानं फुगून पापड झालेलं.
वाफेवर धरून एकेक पान सोडवलं.
(बायकोचं नाव बुकात कुठंच नाही,
खर्चात ती 'घरी' म्हणून येते.)
पान एकेचाळीस, त्यांचंच टपोरं अक्षर:
'राहेलबाईने मयत बहिणीच्या कपाळी
हळदकुंकू लावले. सहा महिने प्रभुभोजनातून बंद.'
बस.
बहीण प्लेगनं गेली, हे नाही.
सवाष्ण होती, हे नाही.
नवरा, सासू, दीर माळावरच्या झोपड्यांत पळालेले,
लावायला दुसरा हात नव्हता, हेही नाही.
ती गाडी यांनीच ओढली असणार.
कपाळ पाहिलं असणार.
घरी आले, हात धुतले, दौत उघडली.

रागवायला बसते तर मध्येच आठवतं,
ही नोंद तिला वाचता आली
कारण अक्षरं त्यांनीच शिकवलेली.
मी वाचतेय, तीही त्याच पाटीवरून.

समासात पेन्सिलीनं काहीतरी आहे.
पाण्यानं खाल्लंय, एक 'क्ष' तेवढा उरलाय.
क्षमा म्हणावं तर साक्षही असेल,
कुणा पंचाची, कशाची तरी.
भिंगातून पाहिलं. गच्चीवर उन्हात धरलं.
आता सोडून दिलंय.

चार ओळी लिहिल्या. पाचवी तान्हूची.
कमिटीनं पाचवी काढली, जागा नाही म्हणाले,
खाली हळदीच्या अडत दुकानाची जाहिरात आहे.

आमच्या घरचे अजून
दाराजवळच्या बाकावर बसतात.
कुणी सांगितलेलं नाही.
आजी बसायची, आई बसते,
पुढं जागा असली तरी.
कोरोनापासून प्रभुभोजनाला
अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे पेले, ज्याचा त्याला.
ते धुणं माझ्याकडे.
एकशे बारा पेले नळाखाली,
आणि मार्केट यार्डाकडून वारा फिरला की
हळदीचा वास
दारातून, बाकांमधून
थेट मेजापर्यंत येतो.
मी खिडकी लावत नाही.