सुवार्ता सिस्टरची वही

जळीत वॉर्डाच्या दाराशी एक स्टूल असायचं,
त्यावर सुवार्ता सिस्टर, मांडीवर शंभरपानी वही.
खाटेजवळ जाण्याआधी कुणी हात धुतले, टिंब.
नाही धुतले, फुली.
नावं लिहायची नाही ती.
मोठ्या डॉक्टरांची फुली मात्र
जरा जास्त दाबून काढलेली,
मागच्या तीन पानांवर उमटलेली.

मी नवी होते. मला वाटायचं, ही मोजते काय?
इथं माणसं भाजून मरतात.
"भाजून कमी मरतात गं," ती म्हणाली,
"बाकीची दहाव्या दिवशी मरतात. आपल्या बोटांनी."

धनपाल मगदूम, शिरोलीच्या फौंड्रीतला.
दोन्ही मांड्या, पोट. ओतताना साचा फुटला होता.
त्याची आई रुकडीहून पहिल्या गाडीनं यायची
पितळी गडूत देवळातलं गंधोदक घेऊन.
"एक थेंब जखमेवर सोडू द्या बाई, देवाचं हाय."
वॉर्डबॉय खेकसला.
सिस्टर स्टुलावरून उठली.
"आक्का, गंधोदक कपाळाला लावत्यात न्हवं?
मग कपाळालाच लावा. तेबी हात धुऊन."
आणि तिला बेसिनपाशी नेऊन
स्वतः तिच्या तळव्यावर साबण धरला.
बोटांच्या बेचक्यात, अंगठ्यामागं, नखांत,
शेण थापून थापून काळी पडलेली नखं ती.
"किती येळ चोळू?"
"तुमचा णमोकार दोनदा म्हणून हुईपर्यंत."
म्हातारी थबकली.
हिच्या गळ्यात क्रूस, आणि हिला कसा ठाऊक?
सिस्टर म्हणाली, "मोजून बघितलाय. माझी प्रार्थनाबी तेवढीच भरते."

मग तो आठवडा आला.
पाणी सगळीकडं होतं,
जयंती नाल्यातून उलटं वर चढणारं,
दुकानांच्या पाट्यांना टेकलेलं.
फक्त नळात नव्हतं.
दिवसाला एक पिंप, तेही टँकर पोचला तर.
सिस्टरनं पिंपाच्या झाकणाला कुलूप घातलं,
किल्ली गळ्यात, क्रुसाशेजारी.
आमचा चहा बंद झाला.
हात बंद झाले नाहीत.
एका तांब्यात चौघींचे, वरून बारीक धार धरून,
लग्नात हातावर पाणी सोडतात तशी.

मला सुई टोचली ती तेव्हाच.
पहाटे साडेतीन, टॉर्चचा उजेड, पेशंटनं हात झटकला.
मोज्याच्या आत एवढंसं लाल.
अठ्ठावीस दिवस गोळ्या,
तोंडात गंजाची चव,
लेकीला घास भरवायचा तर माझा हात मागेच यायचा.
फॉर्मवर 'कारण' या रकान्यात
कारकुनानं लिहिलं, निष्काळजीपणा.
सिस्टरनं ते खोडलं.
कागद फाटेल इतकं खोडलं.
वर लिहिलं,
खाटा बेचाळीस, सिस्टर दोन,
सुया टाकायचा डबा चार दिवस भरलेला.
आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलापुढं उभी राहिली
सही होईपर्यंत. पाऊण तास.
ते उठून जायला निघाले तेव्हा म्हणाली,
"सर, आधी हात."

माझा रिपोर्ट चांगला आला.
धनपाल एकतिसाव्या दिवशी काठी टेकत
आईच्या पुढं चालत गेला.
सतरा नंबरची पोर बाराव्या दिवशी गेली,
स्टोव्हनं भाजलेली, नऊ वर्षांची, भाजणं फारसं नव्हतं.
कुणाच्या बोटांनी, ते वहीत नाही.
त्या तारखेला सात फुल्या आहेत.
एक माझी. मला ती वेळ आठवते.

सिस्टर निवृत्त झाली, आजऱ्याला भावाकडं राहते.
वही माझ्याकडं आली, अर्धी भरलेली.
काल नवं पान उघडलं.
अजून काही लिहिलं नव्हतं त्यावर.
तरी बोट फिरवलं
तर फुल्या लागतात.