टाकीचं झाकण

ढालगावच्या पठारावर चौदा पवनचक्क्या माझ्याकडं.
ग्रीस, बोल्ट, तेलाची पातळी,
पोटात उभी शिडी, आणि वर गेलं की
कानात नुसता वारा.
वाऱ्याचाच पगार खातो मी.

तरी गाडी बंद पडायची.
मेव्हण्याची गाडी. तो चाकणला लागला
तेव्हापासून सहा महिने टॉवरखाली उभी होती.
निघताना चांगली निघायची,
घोरपडीचा फाटा मागं पडला की एक उचकी,
मग दुसरी,
मग रस्त्याच्या कडेला मी, हेल्मेट,
आणि बाभळीची सावली, तीही अर्धी.
दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.
म्हणजे रागही धड धरता येईना.

प्लग बदलला. कॉक बदलला.
मिरजेत कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला,
दोन्ही वेळा पैसे निराळे.
एक म्हणाला पेट्रोलात पाणी,
एक म्हणाला कॉइल,
बायको म्हणाली, विका.

नागजच्या फाट्यावर दस्तगीर शिकलगारनं
गाडीला हातच लावला नाही.
बाकावरनंच म्हणाला,
"फिरवून आण. बंद पडली की ढकलत आण.
पर झाकण उघडायचं नाय."

ढकलत आणली. दीड किलोमीटर, सगळा चढ.
त्यानं सुपारी गालात सरकवली,
टाकीवर कान ठेवला,
आजारी म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा,
आणि किल्ली फिरवली.

स्स्स्स

लांब. विहिरीत बुडी मारलेलं पोर
वर येऊन पहिल्यांदा ओढतं, तेवढं लांब.
पत्रा टक्कन जाग्यावर आला.

"ऐकलंस? भाईर नाय आली हवा. आत गेली.
पेट्रोल खाली उतरतंय, वर जागा रिकामी व्हतीय,
ती भरायला कोण नको?
बाटलीच्या बुडाला भोक पाड, वरनं बूच घट्ट लाव,
पडतंय का पाणी?"

झाकणाच्या पोटात सुईएवढी वाट असते.
माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे,
हे मी त्याला सांगितलं नाही.

वाट मातीनं लिंपलेली होती. कुंभारीण माशीचं काम.
सहा महिन्यांत तिनं आत खोली बांधली,
लेकरू वाढवलं, ते उडूनही गेलं.
मागं कोळ्याचे दोन वाळके पाय
आणि ही एक भिंत, कोपऱ्यात, बरोब्बर त्या भोकावर.
कुठून आणली असेल इतकी बारीक माती?
बोटावर घेतली तर पिठासारखी.

दस्तगीरनं स्पोकच्या टोकानं टोकरलं, फुंकर मारली.
"मोठं करू नको हां भोक, तुमी शिकलेली माणसं लगीच ड्रिल काढता.
पावसाचं पाणी जाईल. लागतं तेवढंच ठेवलंय बनवणाऱ्यानं.
उन्हात टाकी सोडती, गारव्याला घेती."
पैसे विचारले.
"कशाचं? फुकल्याचं?"
चहा मात्र दोन वेळा प्याला, माझ्या नावावर.

त्या रात्री जेवताना मी हे बायकोला सांगत होतो.
ती म्हणाली, मग विकायची का नाही ते सांगा.

सोमवारी नऊ नंबरवर चढलो.
तपासणीच्या कागदावर बावीसावी ओळ:
गिअरबॉक्स ब्रीदर.
नऊ वर्षं त्या चौकोनात मी खूण करतोय,
कधी कधी खाली उतरल्यावर, जीपमध्ये बसून,
सगळ्या चौदांची एकदम.

आज हातमोजा काढला.
मुठीएवढी ती डबी, धुळीनं माखलेली.
फडक्यानं पुसली, तळवा आडवा धरला.
चक्की नुकतीच थांबवलेली, तेल अजून गरम.
काही कळेना आधी. बाहेर वारा इतका
की छताचा पत्रा थरथरत होता.
मग लागलं तळव्याला,
कोमट, तेलकट, अगदी थोडं.

कागद खिशातच राहिला.
खाली टॉवरच्या सावलीत गाडी उभी होती,
झाकणावर मी उलटा पेला ठेवून आलो होतो,
माशीसाठी.