तिसावा रोजा

कागलात चाँद दिसला म्हणे, निपाणीवर ढग.
रात्री बिल्किसचा फोन: "भाई, आमची ईद उद्या."
आमची परवा.
मधे फक्त कोगनोळीचा नाका.

तरी ती आलीच, तिकडची नमाज झाल्या झाल्या,
दोन पोरं, त्यांचे चावणारे नवे बूट.
अम्मीनं विड्यांचं सूप खाटेखाली सारलं,
शेगडीवर दूध चढवलं,
खारका चिरल्या,
आणि न चाखता डाव तिच्यापुढं धरला:
"बघ गं. साखर साकु का?"
बिल्किसनं मान हलवली, वर बघितलं नाही.

रोज्याच्या घरात वाटी घेऊन
ती भिंतीकडं तोंड करून बसली.
"इकडं वळ," अम्मी म्हणाली,
"ईदेला उपाशी राहू नये,
आणि आईच्या घरात लाजू नये."

धाकट्यानं विचारलं, "नानी, तुमची ईद हरवली काय?"
"नाही रे. टोलला अडकली असंल."

माझ्या कोऱ्या नोटा अजून बँकेतच होत्या.
पोरांना मळक्या नोटांची ईदी दिली,
त्यांनी ती मोजून घेतली.

मगरिबला अम्मीनं खजूर उचलला,
बिल्किसनं तांब्या धरला.
तीस पुरे झाले होते,
चाँद शोधायची आता कुणाला गरज नव्हती.
तरी पोरगं गच्चीवरून ओरडलं,
"आमचाच आहे! कालचाच!
जरा जाड झालाय."

शेवटची गाडी पावणेनऊची.
शीरखुर्म्याच्या डब्याचं झाकण
काही केल्या बसत नव्हतं.